बारशाला कानात काय सांगू?

पत्र:

ताई, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. दीड महिन्यापूर्वी माझ्या भावाला मुलगी झाली. पहिलीच. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी कानाची तपासणी केली तेव्हा 'रिफर' आलं, म्हणजे पुन्हा तपासायला हवं, पंधरा दिवसांनी केली तेव्हाही तेच. गेल्या आठवड्यात बेरा नावाची मोठी तपासणी झाली. दोन्ही कानांना ८० डेसिबलच्या पुढंच काय ते कळतंय, कानाला ऐकायचं मशीन लावावं लागेल, असं सांगितलं. तेव्हापासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. भाऊ शिरोलीला फाउंड्रीत आहे, तो डबल ड्यूटी धरायला लागलाय. वहिनी म्हणजे माझ्या सख्ख्या मामाचीच मुलगी, आईनंच हौसेनं करून घेतलेली सून. ती नुसती बाळाकडं बघत बसते. आई म्हणते, "थाळी वाजवली की दचकतंय की लेकरू! मशीनला काय कळतंय? आपला दाजी चार वर्सांचा झाल्यावर बोलाय लागला." बारसं दोनदा पुढं ढकललं. परवा मी विषय काढला तर वहिनी म्हणाली, "कुणाच्या कानात सांगणार तू नाव?" मला काही बोलताच आलं नाही. या दोघांना मी आधार कसा देऊ? आणि बारसं करायचं का?
— एक आत्या

प्रिय आत्याबाई,

बारसं करा. एवढं उत्तर आधीच देऊन ठेवते, म्हणजे बाकीचं तुम्ही निवांत वाचाल. कसं करायचं ते शेवटी सांगते.

गेली बावीस वर्षं मी कर्णबधिर मुलांना शिकवते, आणि शिकवण्याइतकाच वेळ त्यांच्या आईवडिलांशी बोलण्यात जातो. अशा घरात धीराचे शब्द कधी कमी पडलेले मी पाहिले नाहीत. दारात येणारा प्रत्येक जण ते घेऊनच येतो. कमी पडतात ते मोकळे हात. आणि मधे न तोडता ऐकून घेणारं माणूस तर त्याहून कमी. तुम्ही या दोन्ही गोष्टी देऊ शकता, आणि त्या आजपासून द्यायला हव्यात. कारण आईबापांना सावरायला वेळ लागणार आहे आणि बाळाकडं तेवढा वेळ नाही. मधली उणीव घरच्यांनीच भरून काढायची असते.

आधी तपासणीचं बोलू, कारण तुमच्या घरातलं अर्धं भांडण त्यावरच आहे. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी केली ती ओएई. कानात लहानसं बोंडूक ठेवून बारीक आवाज सोडतात. आतला शंख नीट असेल तर त्यातल्या केसपेशी स्वतःच एक सूक्ष्म आवाज परत पाठवतात आणि मशीन तो टिपतं. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत कानात पाणी, चिकटा राहिलेला असतो, त्यामुळं चांगलं ऐकणाऱ्या कितीतरी बाळांचंही 'रिफर' येतं. म्हणूनच पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावतात. बेरा वेगळी. झोपलेल्या बाळाच्या डोक्याला चिकटपट्ट्या लावतात आणि कानात सोडलेला आवाज नसेवाटे मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का, किती मोठा केल्यावर पोचतो, ते बघतात. त्यात बाळाच्या मर्जीचा, मूडचा काही संबंध येत नाही. दुसरीकडं एकदा दाखवून खात्री करून घ्यावीशी वाटली तर जरूर घ्या, पण पंधरा दिवसांच्या आत घ्या आणि तोवर मशीनचं पुढचं काम थांबवू नका.

आता आईंची थाळी. आईंशी या गोष्टीवरून वाद घालू नका, कारण त्या बघतात ते खरंच आहे. शांत खोलीत आपण हातभर-दोन हातांवरून बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा असतो. पितळी थाळी बाळाच्या जवळ वाजवली की ती ८० सहज ओलांडते. म्हणजे बाळ दचकतं हेही खरं आणि बेराचा रिपोर्टही खरा. थाळी ऐकू येते, आईचं बोलणं येत नाही. शिवाय थाळी वाजवणाऱ्याचा हात दिसतो, पाळणा हादरतो, हवा अंगाला लागते. बाळं त्यालाही दचकतात. आईंना हे असं समजावून सांगा, की तुम्ही चुकला नाहीत, पण आपल्याला थाळी ऐकवायची नाही, आपल्याला तिला 'आजी' हा शब्द ऐकवायचा आहे.

आणखी एक आत्ताच सांगून ठेवते. थोड्याच दिवसांत ती अंगूं-अंगूं करायला लागेल, हुंकार देईल. घरात आनंद होईल, तो होऊ द्या. पण "बघा, बोलतंय की!" म्हणून मशीन बाजूला पडू देऊ नका. ऐकू न येणारी बाळंही सुरुवातीचे महिने तसेच हुंकार देतात. पुढं सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास, जेव्हा बाळ स्वतःचं ऐकून बाबा-मामा जोडायला लागतं, तेव्हा फरक पडत जातो. याच हुंकारांनी फसून लोक वर्ष वर्ष थांबलेले मी पाहिलेत. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मुलं आमच्याकडं यायची तीच दोन-अडीच वर्षांची होऊन. तुमच्या घरात हे सातव्या आठवड्यात कळलंय. जगभर पाळला जाणारा ठोकताळा असा की पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान, सहाव्या महिन्याच्या आत मशीन आणि शिकवणं सुरू. १९९८ साली अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या मुलांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत मिळालेल्या मुलांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढं होती. ऐकण्याचं काम मेंदूत पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत बसतं. तेवढ्या काळात आवाज पोचला नाही तर मेंदूची ती जागा दुसऱ्या कामाला लागते. दाजी चार वर्षांनी बोलले असतील, पण त्यांचे कान कुणी तपासले होते? त्यांच्या नावावर या पोरीचे महिने घालवायचे नाहीत.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. 'आईनंच हौसेनं करून घेतलेली सून.' मला वाटतं, आई मशीनवर चिडलेल्या नाहीत, त्या घाबरलेल्या आहेत. रिपोर्ट खरा मानला तर पुढचा प्रश्न 'कशामुळं' असा येतो, आणि त्याचं उत्तर आपल्याच दारात येईल, असं त्यांना आत कुठंतरी वाटत असणार. आपल्या भागात मामाची मुलगी करणं ही पिढ्यान्पिढ्यांची रीत आहे. त्यांनी काही वावगं केलेलं नाही, भावाची लेक घरात आणली. म्हणून याबद्दल जे ठाऊक आहे ते सरळ सांगते.

जन्मतःच्या बहिरेपणात साधारण निम्म्या बाळांमध्ये कारण जनुकांमध्ये असतं. त्यातही बऱ्याचदा असं होतं की आई आणि वडील दोघांनाही व्यवस्थित ऐकू येतं, पण दोघांकडं एकाच जनुकाची एक-एक बिघडलेली प्रत असते आणि बाळाला नेमक्या त्या दोन्ही मिळतात. सगळ्यात जास्त आढळणारं जनुक कनेक्सिन २६ चं. नात्यातल्या लग्नात आजी-आजोबा एकच असल्यानं तीच प्रत दोघांकडं असण्याची शक्यता वाढते. वाढते एवढंच. नात्यात लग्न होऊनही चांगली ऐकणारी मुलं तुमच्याच भावकीत डझनानं असतील, आणि ज्यांचं गोत्र-गाव काही एक नाही अशा जोडप्यांनाही कर्णबधिर मूल होतं. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात. तुमच्या भाचीत हेच कारण आहे की नाही, ते रक्ताच्या तपासणीनंच कळेल, अंदाजानं नाही. कारण जनुकातलं निघालं आणि ते या प्रकारचं असलं तर पुढच्या प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता राहते, म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधी जनुकीय सल्ला घ्यावा. पण हे आज बोलायचं नाही. वहिनीसमोर तर नाहीच. आणि हा तपासणीचा कागद आला की कुणी कुणाच्या माहेराकडं बोट दाखवणार नाही, याची जबाबदारी तुम्ही घ्या. दोघांचं घर एकच आहे, प्रतही दोन्हीकडून एक-एकच आलेली असते.

वहिनी मनात काय मोजत असेल, याचा मला अंदाज आहे. ग्रहणात विळी धरली होती, सातव्या महिन्यात ज्योतिबाच्या पायऱ्या चढले होते, एक दिवस ताप आला होता ती गोळी घेतली. प्रत्येक आई अशी यादी करते. ग्रहणाचा आणि पायऱ्यांचा कानाशी काही संबंध नाही. डॉक्टर ज्या गोष्टी विचारतील त्या वेगळ्या आहेत. गरोदरपणातला काही विशिष्ट संसर्ग, बाळ काचेत राहिलं होतं का, रक्त बदलावं लागण्याइतकी कावीळ झाली होती का, काही तीव्र प्रतिजैविकं द्यावी लागली का. अनेकदा सगळं विचारूनही कारण सापडत नाही. तुमचा भाऊही मनात काहीतरी घेऊन बसला असेल. फाउंड्रीच्या आवाजामुळं तर नाही ना, असं मला आजवर अनेक बापांनी विचारलंय. नाही. कारखान्याच्या आवाजानं त्याचे स्वतःचे कान खराब होऊ शकतात, त्यासाठी त्यानं कानात प्लग घालावेत, पण ते दुखणं मुलीकडं जात नाही. हे वाक्य त्याच्या तोंडावर कुणीतरी म्हणायला हवं. तुम्ही म्हणा.

माझी एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एक आई तीन महिन्यांचं बाळ घेऊन आली होती. मला वाटलं, वेळ थोडा आहे, हिला सगळं सांगून टाकावं. मशीन, थेरपी, सर्टिफिकेट, शाळा, सगळं. पाऊण तास मी बोलत होते, ती मान हलवत होती. त्यानंतर ती सात महिने आली नाही. आली तेव्हा म्हणाली, "बाई, तुम्ही बोलत होता ना, तेव्हा मला फक्त बाळाच्या एका पायातला मोजा पडलाय एवढंच दिसत होतं." ते सात महिने तिच्या मुलाचे गेले, आणि ते माझ्यामुळं गेले. तेव्हापासून पहिल्या दिवशी मी एका कागदावर फक्त पुढच्या भेटीची तारीख लिहून देते आणि गप्प बसते.

म्हणून तुमच्या वहिनीला माहिती देऊ नका. हे पत्रही तिच्या हातात ठेवू नका, निदान आत्ता नको. "कुणाच्या कानात सांगणार" हा प्रश्न तिनं तुमच्याकडून उत्तर मिळावं म्हणून विचारला नव्हता. पोटातल्या बाळाला साधारण सहाव्या महिन्यापासून आवाज कळायला लागतात, हे आता प्रत्येक गरोदर बाई मोबाइलवर वाचते. ती पोटावर हात ठेवून बोलली असेल, गाणी म्हटली असतील. ते सगळं कुणाला ऐकूच गेलं नाही, हे तिचं दुःख आहे. तिला रडू द्या. "रडलीस तर दूध आटेल" म्हणू नका. "देव परीक्षा बघतोय" नको. "निदान बाकी तरी धडधाकट आहे" नको. "आता काय, ऑपरेशन केलं की झालं" हे तर अजिबात नको, कारण ते खोटं आहे आणि तिला ते कळतं. तुम्ही लहानपणापासून एकत्र वाढलेल्या बहिणी आहात, वहिनी-नणंद नंतरच्या. तिच्याशेजारी बसा, "मलाही वाईट वाटलंय गं" एवढं म्हणा, बाळ मांडीवर घ्या आणि तिला गरम पाण्यानं अंघोळ करून, गरम जेवून, दोन तास झोपू द्या. उद्या पुन्हा जा. परवाही.

दुःख एका महिन्यात संपत नाही. पहिल्या दिवाळीला फटाक्यांच्या वेळी ते येईल, कुणाच्या लग्नात बाळाच्या कानातलं मशीन बघून कुजबुज झाली की येईल. त्याला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते वेगळ्या गोष्टींना. ती सलग पंधरा दिवस झोपत नसेल, जेवत नसेल, बाळाला हातात घ्यायला नको म्हणत असेल, मरणाचं बोलत असेल, तर तो निव्वळ दुःखाचा भाग नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा उपचारानं बरा होणारा आजार आहे. डॉक्टरांकडं न्या. टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आधाराचा सरकारी नंबर रात्रीअपरात्रीही लागतो, मराठीतही बोलता येतं.

आणि एका गोष्टीकडं लक्ष ठेवा. 'ऐकूच येत नाही तर बोलून काय उपयोग' असं वाटून आया हळूहळू बाळाशी बोलणं बंद करतात. ठरवून नाही, आपोआप. तसं दिसलं तर तिला टोकू नका, तुम्ही बोला. बाळाला वीतभर अंतरावर घ्या, तुमचा चेहरा उजेडात असू दे, आणि नेहमीसारखं बोला, हसा, गाणं म्हणा. सात आठवड्यांचं बाळ चेहरा वाचायला लागलेलं असतं. ती तुमच्या ओठांकडं बघेल, हसेल. वहिनी ते बघेल.

भावाचं काय करायचं, ते तुम्ही विचारलेलं नाही, पण डबल ड्यूटीवरून कळतंय. पुरुष कामात लपतात. त्याला दुसरं काम द्या. मशीनची सगळी व्यवस्था त्याच्याकडं सोपवा, आणि मोजमापाच्या दिवशी त्यानं रजा काढून स्वतः गेलंच पाहिजे, यावर अडून बसा. तो साच्यांच्या धंद्यातला माणूस आहे. बाळाच्या कानात मऊ मसाला भरून ठसा घेतात आणि त्यावरून कानाचा साचा बनवतात, हे बघताना त्याच्या लक्षात जे येईल ते तुमच्या-माझ्या येणार नाही. साचा थोडा जरी सैल झाला तर मशीन शिट्टी मारतं. पहिल्या वर्षी कान भराभर वाढतो, त्यामुळं दर एक-दोन महिन्यांनी साचा नवा करावा लागू शकतो. लोक दुसऱ्या-तिसऱ्या साच्याला कंटाळतात आणि मशीन डबीत जातं. तिथं बापानं टिकून राहायचं. अंगावर पाजताना मशीन आईच्या अंगाला घासून शिट्टी वाजेल, ती बिघाडाची नाही, बाळ थोडं सरकवून धरलं की थांबते. बॅटरी रोज तपासायची, बॅटरीच्या झाकणाला लहान मुलांसाठीचं कुलूप मागून घ्यायचं, कारण ती गोल बॅटरी गिळली तर जिवावर बेतू शकतं आणि लगेच दवाखाना गाठावा लागतो. आपल्याकडं जूनपासून चार महिने कपडे वाळत नाहीत, मशीन कसं कोरडं राहणार? रात्री सुकवणीच्या गोळ्यांच्या डबीत ठेवायचं. रोज सकाळी मशीन बाळाच्या कानात घालण्याआधी नळीला लावून स्वतः ऐकायचं आणि आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज काढून बघायचे. बोलण्यातले जाडे-बारीक सगळे आवाज या सहांत येतात. पाच मिनिटांचं काम आहे. फर्स्ट शिफ्टला जाण्याआधी भावानं करावं.

आईंनाही काम हवंय, नाहीतर त्या थाळीच घेऊन बसतील. बाळाची मालिश त्याच करत असतील. करू देत, मालिशीच्या वेळी बाळ सगळ्यात जास्त चेहऱ्याकडं बघतं, तेव्हाची गाणी-बडबड आजीचीच असू दे. फक्त कानात तेल घालायचं नाही. एक थेंबही नाही. आपल्याकडं नाकाकानात तेल सोडल्याशिवाय बाळंतिणीची खोली पुरी होत नाही, मला ठाऊक आहे, पण तेलानं कानात मळ-बुरशी धरते आणि साचा बसत नाही. दुपट्यात गुंडाळताना जाड टोपडं कानावर घट्ट ओढायचं नाही, मशीनचा माइक कानामागं असतो. कान टोचायला हरकत नाही, मशीन पाळीत अडकत नाही. आणि पुढच्या भेटीला आईंना बरोबर न्या. सुनेनं किंवा लेकीनं सांगितलेलं त्यांना पटणार नाही. मशीन लावल्यावर पहिल्यांदा नातीचे डोळे हाकेसरशी थबकलेले त्यांनी स्वतः बघितले, तर पुढचं भांडणच मिटेल. पहिल्याच दिवशी तसं होईल असं नाही, हेही सांगून न्या. काही बाळं रडतात, काही नुसतीच गप्प होतात. ऐकायला शिकायला मेंदूला महिने लागतात.

कागदपत्रं आणि खेटे हे तुमच्याकडं घ्या, आईबापांच्या डोक्यावर ते ओझं नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जन्मतः बहिरेपणाच्या मुलांचा समावेश आहे. सीपीआर या तुमच्या सरकारी दवाखान्यात जाऊन त्याची आणि बालकांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, तुमच्या वॉर्डातल्या आशाताईंनाही धरा. मोफत किंवा सवलतीत मशीन केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मिळतं, त्याला उत्पन्नाचा दाखला आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्र म्हटलं की घरात सगळे दचकतात. पोरीवर शिक्का बसतोय असं वाटतं. तो योजनांचा दरवाजा आहे, एवढंच समजून अर्ज भरा, पण वहिनीची सही घ्यायला घाई करू नका, महिनाभर थांबलं तरी चालेल. मशीनची मात्र वाट बघायला लावू नका. सरकारी मिळेपर्यंत उसनं, भाड्यानं, कसंही करून बाळाच्या कानात आवाज जाऊ दे.

कॉक्लियर इम्प्लांटचं, म्हणजे कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन हा आजचा प्रश्न नाही. आधी काही महिने चांगली मशीन लावून, शिकवून किती फायदा होतो ते बघतात, मग वर्षाच्या आसपास ठरवतात. ८० डेसिबलच्या बऱ्याच मुलांचं मशीनवर भागतं, काहींचं नाही. लागलंच तर एडिपमधून एक ते पाच वर्षांच्या मुलांना ते मोफत करतात आणि त्याचं काम वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेकडून चालतं. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसला बसलात की सकाळी मुंबईत. पण ऑपरेशन झालं म्हणजे काम संपलं असं नसतं, त्यानंतरही दोन-तीन वर्षं रोज शिकवावं लागतं. दरम्यान डॉक्टर डोळे तपासून घ्यायला आणि एकदा ईसीजी काढायला सांगतील, कारण बहिरेपणाच्या काही थोड्या प्रकारांत डोळ्यांचा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास सोबत असतो. टाळू नका, आणि त्यानं घाबरूनही जाऊ नका.

खुणांच्या भाषेबद्दल घरात बहुतेक कुणी बोललेलं नसेल. मी बोलते. खुणा शिकवल्या तर मूल बोलायचं राहील, ही भीती मी सुरुवातीला स्वतः बाळगली होती आणि पालकांनाही घातली होती. ती चुकीची होती. बाळाला भाषा लवकर मिळणं महत्त्वाचं, ती कानानं मिळो, डोळ्यांनी मिळो, नाहीतर दोन्हींनी. दूध, झोप, आई, ये, झालं, असल्या पाच-दहा खुणा सगळ्या घरानं शिकून घ्या. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश मोबाइलवर मोफत बघता येतो. आणि कधीतरी, वहिनीची तयारी झाली की, कर्णबधिर असलेल्या एखाद्या मोठ्या बाईला, पुरुषाला भेटा. नोकरी करणारं, संसार करणारं, रंकाळ्यावर पोरांना घेऊन फिरणारं माणूस. मी शंभर गोष्टी सांगून जे होत नाही, ते त्या एका भेटीत होताना मी पाहिलंय.

राहिले पाहुणे. दारात येणारा प्रत्येक जण बाळाच्या डोक्यामागं टाळी वाजवून बघणार, "बघू बघू, वळतंय का." ते तुम्ही थांबवा. वहिनीला उत्तरं द्यायला लावू नका. "तपासण्या झाल्यात, मशीन येतंय, आता टाळ्या नको, तिला जवळ घेऊन बोला," इतकंच म्हणा, आणि चहा पुढं करा. दहा वेळा म्हणावं लागेल.

आता बारसं. मशीन येण्याआधी की नंतर, ते वहिनीला ठरवू दे. दोनच पर्याय द्या, तिसरा 'नकोच' हा देऊ नका. पाळणा सजवा, घुगऱ्या करा, बायका बोलवा, पण यादी तिनं सांगितलेलीच. लाउडस्पीकर नको, खोलीत एका वेळी एकच गाणं. गोंगाटात मशीनलाही काही कळत नाही.

नाव सांगायच्या वेळी बाळाला पाळण्यातून उचलून घ्या आणि आधी समोर धरा, चेहऱ्याला चेहरा. तिला तुमच्याकडं बघू दे. मग नाव सांगा. कुजबुजू नका. कुजबुज ३० डेसिबलच्या आसपास असते, तिच्यापर्यंत पोचणार नाही, ओरडलं तर शब्द फाटतो. रोजच्या आवाजात, सावकाश, तीनदा. मशीन आलेलं असेल तर कानाच्या भोकाशी तोंड न नेता कानामागं वरच्या बाजूला जिथं माइक असतो, तिथून वीतभरावरून सांगा. आलेलं नसेल तर कानाशी ओठ टेकवून सांगा, तुमचा श्वास तिला लागेल, गालाची हालचाल लागेल. पाठीवर धपाटे घालणाऱ्या बायकांना आधीच सांगून ठेवा, यावेळी जरा हळू, बाळ हातात आहे. 'कुर्रर्र' मात्र पुरतं म्हणा.

आणि मशीन नंतर आलं, तर ज्या दिवशी पहिल्यांदा लावतील त्या दिवशी तुम्ही पुन्हा जा. नाव पुन्हा सांगायचं आहे, आणि ते सांगण्याचा मान आत्याचाच असतो.